देबूजी, एरिक्सन आणि वयाचं वेळापत्रक

१ फेब्रुवारी १९०५ रोजी अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावातून देबूजी झिंगराजी जानोरकर नावाचा अठ्ठावीस वर्षांचा शेतकरी घर सोडून निघून गेला. मागे आई, बायको, लेकरं. गावाच्या हिशेबानं हा माणूस केव्हाच मार्गी लागलेला होता. पुढे महाराष्ट्रानं त्याला गाडगेबाबा म्हटलं. संतचरित्रं या प्रसंगाला वैराग्य म्हणतात. मानसशास्त्राला इथे एक कोडं दिसतं: लग्न, शेती, संसार सगळं झाल्यावर ‘मी कोण?’ हा प्रश्न इतक्या उशिरा कसा उभा राहिला?

या प्रश्नाचा आयुष्यभर पाठपुरावा केला मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन (१९०२–१९९४) यांनी. जर्मनीत वाढलेल्या एरिक्सन यांना आपला जन्मदाता कोण, हे अखेरपर्यंत कळलं नाही. १९५० साली ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या पुस्तकात त्यांनी आयुष्याचे आठ टप्पे मांडले. तान्हेपणी विश्वास की अविश्वास, मग स्वतःच्या पायावर उभं राहणं की लाज, पुढाकार की अपराधीपणा, शाळकरी वयात कर्तबगारी की न्यूनगंड, किशोरवयात स्वओळख की गोंधळ, तारुण्यात जवळीक की एकटेपणा, मध्यमवयात पुढच्या पिढीची जोपासना की साचलेपण आणि म्हातारपणी कृतार्थता की हताशा. एक टोक पूर्ण जिंकायचं, असा याचा अर्थ नाही. अविश्वास अजिबात नसलेला माणूस पदोपदी फसेल. तोल कुठे राहतो, ते महत्त्वाचं.

ही मांडणी एरिक्सन यांनी थोरामोठ्यांच्या चरित्रांनाही लावून पाहिली. १९६२ मध्ये ते अहमदाबादला आले. तिथल्या गिरणी कामगारांच्या १९१८ च्या लढ्यावरून त्यांनी गांधीजींचा अभ्यास केला. त्या अभ्यासावरच्या पुस्तकाला पुढे पुलित्झर मिळालं. तीच रीत देबूजीला लावली तर?

गुरं राखणारा पोरगा

जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परीट कुटुंबातला. दारूनं वडील गेले तेव्हा देबूजी आठ वर्षांचा होता. आई त्याला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. मामाकडे त्यानं गुरं राखली, नांगर धरला, कामात हातखंडा मिळवला. एरिक्सन यांच्या चौथ्या टप्प्याचं हे धडधडीत उदाहरण. शाळेचं दार बंद होतं, पण ‘मला हे येतं’ हा भरवसा शेतानं दिला.

या भरवशाचं मोल जॉर्ज आणि कॅरोलिन व्हायलंट यांनी १९८१ मध्ये दाखवलं. बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतल्या ४५६ मुलांवर चाळिशी उलटेपर्यंत लक्ष ठेवण्यात आलं. लहानपणी घरकाम, शाळा, किरकोळ कामं नेटानं करणाऱ्यांचं प्रौढपणीचं मानसिक आरोग्य अधिक चांगलं निघालं. बुद्ध्यंक किंवा घरची परिस्थिती यांवरून इतका नेमका अंदाज बांधता येत नव्हता.

उसनी ओळख

पाचवा टप्पा मात्र देबूजीला मिळालाच नाही. १८९२ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याचं लग्न झालं. नवरा, शेतकरी, जावई या भूमिका समाजानं तयार करून हातात ठेवल्या. जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये अशा अवस्थेचं वर्णन केलं: शोध न घेताच स्वीकारलेली, म्हणजे उसनी, ओळख. तिला तडे जातात ते पुढे. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून देबूजीनं गोडाचं जेवण घातलं, तेव्हा जातभाईंचा रोष पत्करला. गावाची रीत की स्वतःचं मन, हा झगडा उघड झाला होता. घर सोडणं ही त्याची पुढची पायरी मानता येते.

एरिक्सन यांच्या मते शोधासाठी समाजानं काही काळ मोकळीक द्यावी लागते. वऱ्हाडात तेव्हा कॉलेजचं वसतिगृह नव्हतं. मोकळीक दिली ती भिक्षा मागत फिरण्याच्या जुन्या परंपरेनं. त्यानंतरचा सातवा टप्पा तर डोळ्यांसमोर आहे: पूर्णेकाठी ऋणमोचनचा घाट, पंढरपूरची धर्मशाळा, शाळा, बाबांच्या नावाचं १९५२ चं मिशन आणि खराट्याइतकंच धारदार कीर्तन. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ बाबांचं निधन झालं. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

ही मोकळीक देबूजीच्या बायकोला, कुंताबाईंना, मात्र मिळाली नाही. लेकरं त्यांनीच वाढवली. कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये घेतलेला आक्षेप इथे नेमका लागू पडतो: हे टप्पे पुरुषाच्या आयुष्यावर बेतलेले आहेत. नात्यांतूनच घडणारी बाई त्यात अपुरी ठरते.

म्हणजे क्रम हलतो, वय हलतं, पण राहून गेलेला प्रश्न परत येतो. आज वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या शिकवणीसाठी आसपासच्या जिल्ह्यांतून पोरं अकोल्यात येऊन राहतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे अठ्ठावीस वर्षांचे तरुण अमरावतीच्या अभ्यासिकांत बसलेले दिसतात. घराला काळजी वाटते ती या अठ्ठावीसवाल्यांची. मार्शियांची मांडणी वाचली तर थोडी काळजी सतरा वर्षांच्या त्या पोरांचीही वाटायला हवी, ज्यांनी ‘डॉक्टरच का?’ असं स्वतःला अजून एकदाही विचारलेलं नाही.