चेन्नईचे 'तमिळन': विस्मृतीतून परतलेले साप्ताहिक

चेन्नईतील व्याख्यानांमध्ये आणि विद्यापीठीय चर्चासत्रांत आज 'तमिळन' या साप्ताहिकाचा उल्लेख आदराने होतो. १९९९ पूर्वी मात्र तमिळ पत्रकारितेच्या अभ्यासकांपैकीही फार थोड्यांना त्याची माहिती होती.

सिद्धवैद्य व तमिळ पंडित अयोथीदास (१८४५-१९१४) यांनी १९ जून १९०७ रोजी मद्रासच्या रायपेट्टा भागातून हे पत्र सुरू केले. त्याचे मूळ नाव 'ओरु पैसा तमिळन', म्हणजे 'एक पैशाचा तमिळ माणूस'. रुपयाचे चौसष्ट पैसे होत असत, त्या काळातील ही किंमत. अस्पृश्य मानलेल्या समाजातील मजुरालाही अंक विकत घेता यावा, हा हेतू नावातच स्पष्ट होता. पुढच्याच वर्षी नावातील पैसा गळाला व केवळ 'तमिळन' उरले.

दर बुधवारी निघणाऱ्या या पत्रात इतिहास, बौद्ध धर्म, औषधोपचार, सरकारी धोरणांवरील टीका आणि वाचकांच्या शंकांना उत्तरे असत. कोलारच्या सोन्याच्या खाणींत, रंगूनमध्ये आणि दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या तमिळ कामगारांपर्यंत ते पोहोचत होते. अस्पृश्य मानले गेलेले लोक मुळात बौद्ध होते, हा अयोथीदासांचा सिद्धांत त्यातून सातत्याने मांडला गेला. त्याचे सर्व पुरावे इतिहासकारांना मान्य नाहीत. परंतु जातीच्या उत्पत्तीचा प्रश्न एका दलित संपादकाने इतक्या आधी उपस्थित केला, हे महत्त्वाचे आहे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी १८२७ मध्ये न्यूयॉर्क येथे 'फ्रीडम्स जर्नल' काढले, तेव्हा आपली बाजू आपणच मांडावी हीच भूमिका होती. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांचे 'सोमवंशीय मित्र' १९०८ मध्ये, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक' १९२० मध्ये निघाले. अयोथीदासांच्या शाक्य बौद्ध संघाशी संबंधित प्रा. पी. लक्ष्मी नरसू यांच्या बौद्ध धर्मावरील इंग्रजी ग्रंथाच्या १९४८ च्या आवृत्तीला बाबासाहेबांनी प्रस्तावना लिहिली, हा मद्रास व महाराष्ट्र यांना जोडणारा ठळक दुवा होय.

मग 'तमिळन' विसरले का गेले? अयोथीदासांच्या निधनानंतर ते फार काळ टिकले नाही. पुढे कोलार परिसरातून त्याचे पुनरुज्जीवन झाले, तेही थांबले. तमिळ समाजसुधारणेचा इतिहास १९१६ मधील जस्टिस पक्षाच्या स्थापनेपासून सांगण्याची प्रथा पडली आणि त्याआधीचे दलित कार्य मागे पडले. ग्रंथालयांनी हे स्वस्त साप्ताहिक फारसे जपले नाही. जपले ते अनुयायांनी, आपापल्या घरांत.

याच अंकांच्या आधारे ज्ञान अलॉयसियस यांनी अयोथीदासांचे लेखन संकलित केले आणि १९९९ मध्ये पाळयंकोट्टै येथून त्याचे खंड प्रसिद्ध झाले. अयोथीदासांनीच लिहून ठेवले आहे की, एका इंग्रजाकडे बटलर असलेले त्यांचे आजोबा कंदप्पन यांनी 'तिरुक्कुरळ'ची ताडपत्रे एलिस या अधिकाऱ्याकडे पोहोचवली होती. ग्रंथ जपण्याचे श्रेय नेहमी पंडितांनाच जाते, त्याला हा अपवाद.

२००५ मध्ये केंद्र सरकारने अयोथीदासांवर टपाल तिकीट काढले. २०२३ मध्ये चेन्नईत त्यांचे स्मारक उभे राहिले. मात्र त्या काळच्या अनेक दलित पत्रांची आज केवळ नावेच उरली आहेत.