दिसलं, पण उमगलं नाही
चालकाविना गाडी : लेखांक ४

मागच्या लेखांकात आपण स्वयंचलित गाडीचे डोळे पाहिले : कॅमेरा, रडार आणि लेझर किरणांनी अंतर मोजणारं लायडार. इतकं सगळं दिसत असताना गाडी चुकते कुठे? ते समजण्यासाठी एका अपघाताच्या तपशिलात शिरावं लागेल.

१८ मार्च २०१८. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं टेंपी शहर, रात्री दहाचा सुमार. उबरची चाचणीवरची गाडी ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने धावत होती. समोर एक महिला सायकल ढकलत रस्ता ओलांडत होती. धडकेच्या ५.६ सेकंद आधी, म्हणजे शंभर मीटरहून अधिक अंतरावरून, यंत्रणेने तिला टिपलं होतं. पण यंत्रणा तिला कधी वाहन ठरवी, कधी अनोळखी वस्तू, तर कधी सायकल. प्रत्येक वेळी समजूत बदलली की आधीच्या हालचालीचा हिशेब पुसला जाई. त्यामुळे ही महिला कुठे निघाली आहे, याचा अंदाजच बांधता येईना. झेब्रा क्रॉसिंग सोडून कुणी पायी रस्ता ओलांडेल, हे त्या सॉफ्टवेअरने गृहीतच धरलं नव्हतं. देखरेखीसाठी बसवलेल्या चालकाचं लक्ष मोबाइलवर होतं. त्या पादचारी महिलेचा जीव गेला.

इथे दोन गोष्टी उघड झाल्या. समोरचा माणूस पुढच्या क्षणी काय करील, हे ओळखणं नुसत्या दिसण्याहून कितीतरी अवघड आहे. आणि माणसाला हातावर हात ठेवून नुसतं पाहत बसायला सांगितलं, तर त्याचं लक्ष ढळणारच. ‘वेळ आली की चालक सांभाळून घेईल’ हा भरवसा म्हणूनच पोकळ आहे.

वेमो कंपनीने चालकाला गाडीतून उतरवलंच. ऑक्टोबर २०२० पासून फिनिक्स परिसरात तिच्या विनाचालक टॅक्सीत सर्वसामान्य प्रवासी बसू लागले. मात्र ही सेवा आखून दिलेल्या हद्दीतच चालते, तीही आधी बारकाईने नकाशे तयार केलेल्या रस्त्यांवर. हद्द मान्य केली, म्हणूनच तिला हे साधलं.

या तंत्राचं आश्वासन मला मोलाचं वाटतं. जगभरात दरवर्षी सुमारे ११.९ लाख माणसं रस्ते अपघातांत मरतात. यंत्र दारू पीत नाही, पेंगत नाही, ईर्षेने कट मारत नाही. अंध व्यक्तीला कुणाची वाट न पाहता घराबाहेर पडता येईल, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. म्हणूनच कंपन्यांना रोखठोक विचारायला हवं : कोणत्या रस्त्यांवर, कोणत्या हवामानात, आणि चूक झाली तर भरपाई कोण देणार?

टेंपीच्या प्रकरणात फौजदारी खटला देखरेख करणाऱ्या चालकावर झाला, कंपनीवर नाही. हा न्याय पुरेसा आहे का, याचा विचार पुढच्या आठवड्यात.