बाबांसाठी दोन वेळांचं घड्याळ

वाराणसीत सूर्याचं आणि घड्याळाचं बरं जमतं. भारतीय प्रमाणवेळेचं ८२.५ अंश पूर्व रेखावृत्त शेजारच्या मिर्झापूर जिल्ह्यातून जातं. त्यामुळे मानमंदिर घाटावरच्या, सवाई जयसिंहाच्या वेधशाळेतलं सम्राट यंत्र आणि मनगटावरची वेळ यांत फरक पडतो तो मिनिटांचाच.

पंचाईत होते ती बाबा विमानात बसल्यावर. दुबई दीड तास मागे, टोकियो साडेतीन तास पुढे आणि काठमांडू अवघी १५ मिनिटं पुढे! पूर्ण तासांचा हिशेब यांत कुठेच बसत नाही.

१९५० च्या दशकात पॅन ॲमच्या वैमानिकांसाठी आलेल्या रोलेक्स जीएमटी-मास्टरच्या धाटणीची घड्याळं देखणी खरी. पण त्यांत तासाचे काटे दोन, मिनिटकाटा एकच. वरचा अर्धा तास मनातच मिळवायचा. त्यापेक्षा दोन स्वतंत्र तबकड्यांचं घड्याळ घ्यावं. दुकानातच दुसरी तबकडी काठमांडूच्या वेळेला लावून बघावी. आकडेही ठळक हवेत. प्रवासात चष्मा नेमका बॅगेत असतो.

लंडनसाठी मात्र खर्चच नको. भारतीय वेळेचं काट्यांचं घड्याळ उलटं धरलं की हिवाळ्यात तिथली वेळ दिसते. उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे करतात, तेव्हा ही युक्ती चालत नाही.