वंश, पुरावा आणि शाखा : ‘डॉटर्स ऑफ दि अमेरिकन रेव्होल्यूशन’ या संस्थेच्या स्थानिक शाखेची घडण

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात भाग घेतलेल्या पूर्वजांच्या वंशजांनी स्थापन केलेल्या संस्थांत ‘डॉटर्स ऑफ दि अमेरिकन रेव्होल्यूशन’ ही विशेष प्रसिद्ध आहे. तिचा उगम एका नकारात आहे. पुरुष वंशजांची ‘सन्स ऑफ दि अमेरिकन रेव्होल्यूशन’ ही संस्था १८८९ मध्ये स्थापन झाली. पुढच्याच वर्षी तिने स्त्रियांना सदस्यत्व न देण्याचे ठरविले. त्यावर मेरी स्मिथ लॉकवुड यांनी १३ जुलै १८९० च्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’ मध्ये हॅना आर्नेट या स्त्रीची पारंपरिक कथा देऊन, क्रांतीतील स्त्रियांच्या देशभक्तीचे स्मरण कोठे आहे, असा प्रश्न उपस्थित केला. ११ ऑक्टोबर १८९० रोजी वॉशिंग्टन येथे स्त्रियांची स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी कॅरोलाइन हॅरिसन तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

संस्थेच्या नावातील ‘कन्या’ हा शब्द वाच्यार्थाने घ्यावयाचा नाही. त्याचा अर्थ स्त्री-वंशज एवढाच. स्थानिक घटकासाठी वापरलेला ‘चॅप्टर’ हा शब्दही लक्षणीय आहे. ख्रिस्ती मठांत ज्या सभेत नियमग्रंथाचे प्रकरण वाचले जाई, त्या सभेलाच पुढे हे नाव पडले. मराठीत त्यासाठी ‘शाखा’ हाच शब्द सोयीचा आहे. परंतु शाखा बुंध्यातून फुटते, तर येथे पात्रता सिद्ध झालेल्या व्यक्ती एकत्र येऊन घटक बनवितात.

नव्या शाखेसाठी किमान बारा सदस्य लागतात. त्यांना एकत्र आणणाऱ्या स्त्रीची संघटक ‘रीजंट’ म्हणून नियुक्ती होते. शाखाप्रमुखास रीजंट म्हणण्याचा प्रघात आहे. शाखेच्या नावास मध्यवर्ती संस्थेची मान्यता घ्यावी लागते. हे नाव बहुधा एखाद्या स्थानिक देशभक्ताचे, स्थळाचे किंवा घटनेचे असते. राष्ट्रीय इतिहास अशा रीतीने एका गावाच्या स्मृतीशी जोडला जातो.

तथापि खरे परिश्रम सभेत नसून कागदपत्रांत असतात. प्रत्येक अर्जदार स्त्रीला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : पूर्वजाची सेवा आणि त्याच्यापासून स्वतःपर्यंतची अखंड रक्तपरंपरा. सेवा म्हणजे केवळ सैनिकी नव्हे; निष्ठेची शपथ, सैन्यास पुरविलेला माल, नागरी अधिकारपद यांचाही तीत समावेश होतो. परंपरा पित्याकडून वा मातेकडून, कोणत्याही मार्गाने चालते. मराठीतील कुलवृत्तांत सामान्यतः आडनावाच्या, म्हणजे पितृपरंपरेच्या, आधारे रचले जातात. म्हणून येथे ‘वंश’ हा शब्द अधिक व्यापक अर्थाने घेणे आवश्यक आहे.

मातृमार्गाने जाताना प्रत्येक विवाहाबरोबर आडनाव बदलते आणि शोध अवघड होतो. त्यात भर म्हणजे १८५० पूर्वीच्या जनगणनेत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव नोंदले जाई. म्हणून मृत्युपत्रे, चर्चमधील नोंदी, कौटुंबिक बायबलमधील जन्ममृत्यूंची पाने आणि सैनिकांच्या वा त्यांच्या विधवांच्या निवृत्तिवेतनाचे अर्ज यांवर भिस्त ठेवावी लागते. एका पिढीचा दुवा सिद्ध झाला नाही, तर पुढील सर्व दुवे असूनही अर्ज टिकत नाही.

ही पुराव्याची अट वरवर सर्वांना समान दिसते. वस्तुतः ती समान नाही. १८५० व १८६० च्या गुलामांच्या गणनापत्रकांत मालकाच्या नावाखाली गुलामांचे वय, लिंग व वर्ण एवढेच बहुधा नोंदले होते. मुक्त झालेल्या या लोकांची नावे जनगणनेत सर्वत्र येतात ती १८७० पासून. गोऱ्या पूर्वजाशी असलेला त्यांचा संबंध तर कागदावर क्वचितच आला. त्याशिवाय उघड वर्णभेदही होता. १९३९ मध्ये गायिका मॅरियन अँडरसन यांना संस्थेने आपले सभागृह नाकारले, तेव्हा एलिनॉर रूझवेल्ट यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला. कॅरन बॅचलर फार्मर या १९७७ मध्ये ज्ञात असलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय सदस्या ठरल्या. पुढे संस्थेने क्रांतीत भाग घेतलेल्या कृष्णवर्णीय व मूलनिवासी व्यक्तींची सूची तयार केली. तिची विस्तृत आवृत्ती २००८ मध्ये निघाली.

या दृष्टीने न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात २०१२ मध्ये स्थापन झालेली शाखा उद्बोधक आहे. तिच्या संघटक रीजंट विल्हेल्मिना रोड्स केली या कृष्णवर्णीय होत्या आणि संस्थापक सदस्यांतही अन्य कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या. शाखेला इन्क्रीज कार्पेंटर यांचे नाव देण्यात आले. त्यांच्याच पथिकगृहाजवळ १७७६ मध्ये सेनानी नॅथॅनिएल वुडहल ब्रिटिशांच्या हाती सापडले होते.

सारांश, अशा संस्थेत वंश हा केवळ रक्ताचा प्रश्न राहत नाही. नोंद कोणाची झाली आणि कोणाची झाली नाही, याचाही तो प्रश्न असतो. म्हणूनच नव्या शाखेची सदस्यसूची ही त्या गावच्या दप्तराची परीक्षाही ठरते. एखाद्या कुटुंबाचा हरवलेला दुवा सापडतो, तेव्हा केवळ एका सदस्याची भर पडत नाही. क्रांतीचे वारसदार कोण, या प्रश्नाचे उत्तरही काही अंशी बदलते.