अनुकरणाचा नियम आणि बंद दार

निसर्गासारखे समाजालाही नियम असतील आणि ते सापडतील, ही एकोणिसाव्या शतकाची मोठी आशा. ऑग्युस्त कोंत यांनी समाजशास्त्राला आधी ‘सामाजिक भौतिकी’च म्हटले होते. १८९० मध्ये गाब्रिएल तार्द यांनी अनुकरणाचे नियम मांडले: अनुकरण वरून खाली झिरपते आणि अंतर वाढेल तसे क्षीण होते.

या नियमांचा एक अस्सल वापर मराठी माणसाने केला. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यांचा युक्तिवाद असा: गटाबाहेरचे लग्न बंद केले की गटातल्या स्त्री-पुरुषांच्या संख्येचा मेळ राखावा लागतो. जोडीदार गेला की मागे उरलेली व्यक्ती गटाला ‘जादा’ होते. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या प्रथांचा उगम त्यांनी या अडचणीत शोधला. पुढचे पाऊल तार्दच्या आधाराने: ब्राह्मणांना सर्वांत जवळच्या जातींनी तिन्ही प्रथा उचलल्या, त्यांहून दूरच्यांनी वैधव्य आणि बालविवाह, आणखी दूरच्यांनी फक्त बालविवाह, तर टोकाच्यांनी नुसते जातीचे तत्त्व. गावोगाव फिरून ताडून पाहता येईल, इतके हे विधान नेमके आहे. ते मांडण्याचे धाडस मला आजही थक्क करते.

१९४२ मध्ये तत्त्वज्ञ कार्ल हेम्पेल यांनी इतिहासाच्या स्पष्टीकरणालाही सर्वसाधारण नियम हवेत, असा आग्रह धरला. पण समाजशास्त्राकडे तसे निरपवाद नियम जमलेच नाहीत. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४९ मध्ये मधल्या पल्ल्याच्या, म्हणजे मर्यादित व्याप्तीच्या, सिद्धांतांवर समाधान मानायला सांगितले. १९९८ मध्ये हेडस्ट्रॉम आणि स्वेडबर्ग यांच्या संपादित ग्रंथाने ‘सामाजिक यंत्रणा’ पुढे आणल्या: नियम राहू द्या, अमुक गोष्टीतून तमुक कशी घडते ती साखळी दाखवा.

त्या अंगाने १९१६ चा निबंध पुन्हा वाचावा. ‘जादा’ व्यक्तीचा युक्तिवाद अशी साखळीच आहे, आणि माझ्या मते तार्दच्या आधारापेक्षा तोच भक्कम. बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे: काही गटांनी बाहेरच्या लग्नाचे दार स्वतः लावून घेतले, काहींना ते आपल्यावर लावलेले आढळले. या दुसऱ्यांची जात अनुकरणातून उलगडत नाही. नियम मोडणाऱ्याला जातीबाहेर टाकले जाते आणि टाकलेल्यांची नवी जात बनते, असे त्यांनी तिथेच दाखवले होते.