विमान दुरुस्तीचं शिक्षण कानशीपासून का सुरू होतं? ‘एएमई’चा विचार करणाऱ्या खान्देशातल्या मुलांनी हे समजून घ्या

जळगावचा विमानतळ, धुळ्याजवळचं गोंदूर आणि शिरपूरची धावपट्टी. खान्देशात छोटी प्रशिक्षण विमानं आता कुणाला नवीन नाहीत. शिरपूरला एनएमआयएमएसची अकादमी आहे, धुळ्यात बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण चालतं आणि २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी निवडलेल्या पाच विमानतळांत जळगाव होतं.

वैमानिक होण्याच्या खर्चाचा आकडा ऐकला की बहुतेक घरांत विषय तिथेच थांबतो. मग चौकशी वळते ‘एएमई’कडे, म्हणजे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरकडे. प्रवेश घेतल्यावर मात्र पहिला धक्का बसतो. हातात इंजिन येत नाही, येते कानस आणि धातूचा एक ठोकळा.

ठोकळा घासून काय मिळतं?

ठोकळा बेंच व्हाइसमध्ये पकडायचा, कानशीने सपाट करायचा, काटकोन्याने तपासायचा. काटकोन्याखालून उजेडाची फट दिसली की पुन्हा घासायचं. मग व्हर्नियर आणि मायक्रोमीटर. साधा मायक्रोमीटर मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतो, त्यामुळे ‘जवळपास बरोबर’ ही सोय संपते. आयटीआयच्या फिटर ट्रेडला गेलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षीही वर्कशॉपमध्ये असाच जॉब असतो आणि तो कित्येक जण मित्राकडून घासून घेतात. इथे ती सवय घातक ठरते.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) ‘सीएआर ६६’ अभ्यासक्रमात यासाठी मॉड्यूल ७ हा वेगळा विषय आहे: मेंटेनन्स प्रॅक्टिसेस. हत्यारं, मोजमाप, ड्रॉइंग वाचणं, रिव्हेटिंग, पाइप, बेअरिंग, कंट्रोल केबल, वायरिंग हे सगळं त्यात येतं.

रिव्हेटचं गणित

छोट्या विमानाचा पत्रा बहुतेक रिव्हेटनेच जोडलेला असतो. त्याचे नियम पाठ करावे लागतात, पण कळतात ते ठोकल्यावरच. रिव्हेटचा व्यास जाड पत्र्याच्या साधारण तिप्पट. पत्रा १ मिलिमीटरचा असेल तर रिव्हेट ३ चा. भोक पत्र्याच्या कडेपासून व्यासाच्या किमान दुप्पट आत, म्हणजे ६ मिलिमीटर. ठोकल्यावर मागे तयार होणारं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच, म्हणजे साडेचार आणि दीड. जास्त ठोकलं तर डोकं चपटं होऊन फाटतं, कमी ठोकलं तर पकड बसत नाही. काही मिश्रधातूंचे रिव्हेट उष्णतेची प्रक्रिया केल्यावर चक्क फ्रीझरमध्ये ठेवतात. बाहेर राहिले की ते आपोआप कडक होत जातात आणि ठोकताना तडकतात.

टॉर्क पाना वापरतानाही हिशेब आहे. समजा नटाला १२० चा टॉर्क हवा आहे आणि पाना १० इंचांचा आहे. हात पोहोचत नाही म्हणून पुढे सरळ रेषेत २ इंचांचा जोड लावला, तर पान्यावर १२० नाही, १०० लावायचे (१२० गुणिले १०, भागिले १२). हे विसरलं तर नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

बारीक नियम तर कितीतरी. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर साध्या पेन्सिलीने खूण करायची नाही, कारण ग्राफाइटमुळे तिथे गंज धरू शकतो. बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची लॉकवायर बोल्टला आवळण्याच्या दिशेनेच ओढणारी हवी, आणि एकदा काढलेली वायर पुन्हा वापरायची नाही. काम संपल्यावर हत्यारं मोजायची. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान सोडायचं नाही. गॅरेजमध्ये हात बसलेल्या मुलाला हे सगळं सुरुवातीला अती वाटतं.

अर्ध्या मिलिमीटरने काय बिघडतं?

१० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचं विमान बर्मिंगहॅमहून स्पेनला निघालं. १७ हजार फुटांवर कॅप्टनसमोरची काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदम्प्टनला उतरवलं. सगळे वाचले. काच आदल्याच दिवशी बदलली होती. तपासात कळलं की ९० पैकी ८४ बोल्ट व्यासाने ०.०२६ इंच, म्हणजे सुमारे ०.६६ मिलिमीटर बारीक होते. उरलेले सहा आखूड होते. जुना बोल्ट समोर धरून नवे बोल्ट नजरेने निवडले गेले होते. व्हर्नियर लावला असता तर फरक लगेच पकडला गेला असता.

जपानमध्ये इतकं नशीब नव्हतं. १९७८ मध्ये एका बोइंग ७४७ ची शेपटी धावपट्टीला घासली. मागच्या दाब-भिंतीची दुरुस्ती करताना जोडपट्टी चुकीची बसवली गेली आणि जिथे दोन ओळींच्या रिव्हेटनी ताण घ्यायचा होता तिथे तो एकाच ओळीवर आला. सात वर्षं विमान उडत राहिलं. १२ ऑगस्ट १९८५ रोजी भिंत फाटली आणि ५२० जणांचा जीव गेला.

खान्देशातल्या मुलांसाठी वाट कोणती?

एएमईसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. इंजिनिअरिंग डिप्लोमावाल्यांनाही वाट आहे. जेट विमानांच्या बी १.१ वर्गाचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम किमान २४०० तासांचा असतो आणि त्यातला ४० ते ५० टक्के वेळ प्रात्यक्षिकाचा असायला हवा. मॉड्यूलच्या परीक्षेत उत्तीर्ण व्हायला ७५ टक्के गुण लागतात. त्यानंतर चालू विमानांवरचा अनुभव दाखवल्यावरच लायसन्स मिळतं. ‘कोर्स संपला की लायसन्स हातात’ असं कुणी सांगत असेल तर सावध व्हा.

आयटीआयच्या प्रमाणपत्राने लायसन्स मिळत नाही. पण हातात कसब असेल तर दारं आहेत. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिककडे जाताना ओझरला एचएएलचा कारखाना लागतो. तिथे मिग बनले, सुखोई बनली आणि आयटीआयवाल्यांना अप्रेंटिसशिप मिळते. नागपूरच्या मिहानमध्ये मोठ्या विमानांच्या देखभालीचं केंद्र आहे.

फी लाखांत जाते, म्हणून पैसे भरण्याआधी दोन गोष्टी करा. डीजीसीएच्या यादीत संस्थेला ‘सीएआर १४७’ मान्यता आहे का आणि ती कोणत्या वर्गासाठी आहे, हे पाहा. दुसरं, संस्थेत गेल्यावर ऑफिसात बसू नका, वर्कशॉप उघडून दाखवायला सांगा. व्हाइस किती आहेत, एका बॅचला मुलं किती, मायक्रोमीटरवर कॅलिब्रेशनची ताजी तारीख आहे का, आणि कानशींवर धूळ आहे की धातूचा कीस.