चिपला घाम येत नाही: छोट्या लॅपटॉपला पंखा हवा का?

मागच्या मे महिन्यात मी गोंदियाला घरी होतो. बाहेर ४४ अंश. लहान बहिणीला पायथन शिकायला मी रास्पबेरी पाय ४ बोर्डाचा एक छोटा लॅपटॉप जुळवून दिला होता. ती म्हणाली, "दादा, हाच प्रोग्राम सकाळी पटकन चालते, दुपारी रखडते. माझंच काहीतरी चुकत असंल." आठवडाभर पोरगी बरोबर असलेला कोड खोडून पुन्हा लिहीत होती!

टर्मिनलमध्ये चिपचं तापमान पाहिलं, ८३. पाय ४ ची चिप ८० च्या वर गेली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. उन्हात गेम खेळताना तुमचा मोबाइल अडकतो ना, तसंच.

आता तुम्ही म्हणाल, पंखा नव्हता का? होता की. उघडून पाहिलं तर जाम. घरामागेच राईस मिल आहे, धानाच्या कोंड्याची बारीक धूळ पात्यांत गच्च बसलेली. खाली नाण्याएवढा हीटसिंक आणि भोवती बंद प्लास्टिकचा डबा. म्हणजे सगळी भिस्त पंख्यावर, आणि तोच झोपलेला.

थोडं गणित करू. समजा चिप ५ वॅट उष्णता सोडते आणि त्या हीटसिंकवर दर वॅटला तापमान १० अंशांनी चढतं. म्हणजे खोलीपेक्षा ५० अंश जास्त. खोली २५ असेल तर चिप ७५, काही अडचण नाही. आमच्या पत्र्याखालच्या खोलीत ४० असेल तर थेट ९०. चालू पंख्याने ही चढ निम्मी झाली, तर त्याच खोलीत ६५. परदेशातल्या रिव्ह्यूमध्ये "पंख्याची गरज नाही" असं म्हणतात, तेव्हा त्यांची खोली किती अंशांवर होती ते आधी बघा.

पण पंखा म्हणजे कूलर नव्हे. आपल्या विदर्भातला कूलर पाणी उडवून हवाच थंड करतो. छताचा पंखा फक्त हवा फिरवतो. आपल्याला गार वाटतं ते घाम सुकतो म्हणून. चिपला कुठला घाम? पंखा किंवा हीटसिंक, दोन्ही तिला खोलीच्या खाली नेऊ शकत नाहीत.

मग बिनपंख्याचं जमतं का? जमतं, धातू भरपूर असेल तर. २०२० चा रास्पबेरी पाय ४०० बघा: अख्खा संगणक कीबोर्डच्या आत, पंखा नाही, पण आत जवळजवळ कीबोर्डएवढी धातूची पट्टी. त्या जोरावर तो १.८ गिगाहर्ट्झवर चालतो. पाय ४ सुरुवातीला १.५ वर होता.

मी तेच केलं. पंखा काढला, चिपवर थर्मल पॅड, त्यावर अॅल्युमिनियमची जाड पट्टी, तीच लॅपटॉपचा तळ. खाली रबराचे चार पाय, हवा खेळायला. (गादीवर ठेवायचा नाही, हे तिला तीनदा सांगितलं.) पंख्याची वीज वाचली, बॅटरीलाही थोडा आराम.

पाय ५ असता तर मात्र मी पंखाच ठेवला असता. ती चिप जास्त तापते. फक्त झाकण स्क्रूने उघडणारं घ्यायचं आणि महिन्यातून एकदा ब्रश फिरवायचा.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तोच प्रोग्राम चालवला. ७४ वर थांबला. बहीण स्क्रीनकडे बघत म्हणाली, "म्हणजे मी पहिल्यांदा लिहिलेलाच बरोबर होता?"